वीतभर अंतरावरची मेणबत्ती

छातीचा डॉक्टर आमच्या दवाखान्यात येणार ही बातमी मी विहिरीवर ऐकली आणि भरलेली कळशी तिथेच सोडून घरी पळत आले. त्यावरून पुढे आठवडाभर टोमणे खाल्ले. पण बातमीच तशी होती. मुंबईच्या मोठ्या इस्पितळातला, फक्त छातीच बघणारा डॉक्टर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वसईत येऊन आमच्यासारख्यांना तपासणार होता. तोवर आम्हाला डॉक्टर म्हणजे एकच माणूस माहीत होता, आणि तो ताप, खरूज, बाळंतपण, विंचू सगळं बघायचा. नुसत्या छातीला वेगळा डॉक्टर असतो हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मंग पोटाला येगळा असंल, पाठीला येगळा. सगळा मानूस बघायला कोन?"

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मी विशीतली, लग्नाला तीन वर्षं झालेली. माझं माहेर चांदीपचं, भातशेतीवाल्यांचं. सासर समुद्राच्या बाजूला, पानवेलींच्या वाडीत. नवरा मुंबईला कारखान्यात, महिन्यातून एकदा तोंड दाखवायचा. एरवी घरात आम्ही तिघंच, सासू, सासरे आणि मी. मी सातवीची फायनल पास झालेली होते, त्यामुळे पत्र आलं की मी, सातबारा वाचायचा की मी, आणि औषधाच्या चिठ्ठीवरचं वाचायचं तरी मीच. याचा मला किती तोरा होता ते आता सांगायलाही लाज वाटते. पण होता.

सासऱ्यांना मी बाबा म्हणायची. दिवाळी सरली की त्यांची छाती वाजायला लागायची. रात्री ओट्यावर ते झोपले की मांजराची पिल्लं घरात आल्यासारखा आवाज यायचा. जिना चढणं तर लांबच, आमच्याकडे जिना नव्हताच, पण दारापासून विहिरीपर्यंत जायचं तरी मधे दोनदा थांबायचे, आणि थांबलो असं दिसू नये म्हणून केळीचं पान उलटंपालटं करून बघत राहायचे. दमा माणसाबरोबरच जातो असं आमच्याकडे म्हणायचे. बाबांना स्वतःच्या जाण्याची फारशी भीती नव्हती. त्यांना भीती होती ती वाडीची. पानवेल हे फार नाजूक प्रकरण. तिचा कोवळा शेंडा रोज वर सरकतो, तो केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीने, आधाराला बांधायचा, सैल नाही आणि घट्टही नाही. बाबांची बोटं ते न बघता करायची. दम लागून ते वाडीत जाईनासे झाले तर वाडी जाईल, आणि वाडी गेली तर बाबा राहणार नाहीत, हे आम्हा तिघांनाही न बोलता माहीत होतं.

पहिल्या रविवारी आम्ही बैलगाडीतून निघालो तेव्हा मी लग्नातलं लुगडं नेसले होते. सासूबाई म्हणाल्या, "दवाखान्यात चाललीस का वरातीत?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दवाखान्यासमोर ही रांग. पाचूबंदरच्या कोळणी, वाडीवाल्या बायका, गळ्यात क्रूस घातलेले म्हातारे, मिठागरावरची माणसं. सगळे खोकत होते, आणि खोकता खोकता एकमेकांची विचारपूस करत होते. प्रत्येकाच्या हातात घरून आणलेली रिकामी बाटली. त्या काळी औषध मिळायचं, बाटली मिळायची नाही. कंपाउंडर औषध भरून बाटलीला कात्रीने दातरे पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा, एक दातरा म्हणजे एक डोस. आमच्या पुढे उभी असलेली कोळीण नवऱ्याला घेऊन आली होती. ती मला म्हणाली, "आगो, ह्याला होरीत वल्हं मारताना दम लागत नाय, बाजारात लागत नाय. घरी पानी भर सांगितलं का लागतो. ह्यावर कायतरी औषद आसंल का?" तिचा नवरा बिचारा हसायला गेला आणि त्यालाच ठसका लागला.

डॉक्टर आत बोलावेपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. तो तरणाच होता, तिशी-पस्तिशीचा, सडपातळ, बोलायला हळू. त्याने बाबांना अर्धा तास दिला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरने कुणाला पाच मिनिटं दिली असतील तर ती दाढदुखीला. याने सगळं विचारलं. विडी ओढता का, घरात ओल आहे का, कफ कोणत्या रंगाचा, पाठ टेकून झोप येते की बसून. बाबांनी विडी कधी ओढली नव्हती, पान तेवढं खायचे, आणि ते स्वतःच्याच वाडीतलं. नंतर डॉक्टरने नळी लावून पुढून मागून ऐकलं, बरगड्यांवर बोटं आपटून ऐकलं. मग बॅगेतून चक्क एक मेणबत्ती काढली, पेटवली आणि बाबांच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरली.

"तोंड उघडं ठेवा, आजोबा. ओठ आवळायचे नाहीत. आणि एका दमात विझवा."

बाबांनी आ केला. खांदे वर गेले, खाली आले. ज्योत जराशी वाकली आणि पुन्हा सरळ उभी राहिली. डॉक्टरने तीनदा करून घेतलं. तीनदा तेच. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि मग मला, होय मला, समजावून सांगितलं. या दुखण्यात हवा आत शिरते पण जोराने बाहेर येत नाही, छातीत अडकून बसते. ती किती अडकली आहे हे ज्योत सांगते. तुमच्या सासऱ्यांच्या छातीत पुष्कळ अडकली आहे.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. दुखणं वाईट आहे म्हणून नाही, तर ते कळतं म्हणून. इतकी वर्षं आम्ही दम्याला दमा म्हणत होतो आणि दवाखान्यातलं गुलाबी पाणी पीत होतो. इथे एक माणूस दोन पैशांच्या मेणबत्तीने छातीच्या आतलं वाचत होता. सातवी पास बाईला याहून मोठी जादू कोणती?

त्याने पांढऱ्या गोळ्या दिल्या. हे औषध मुळात एका झुडपातून निघालं असं त्याने सांगितल्यावर बाबा पहिल्यांदा तोंड उघडून बोलले. "झाडपाल्याचं हाय तर घेतो," ते म्हणाले. दिवसातून तीनदा एकेक गोळी. घरात घड्याळ नव्हतं. पण आमच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर किरिस्तावांचं देऊळ होतं, आणि तिथली घंटा सकाळी, दुपारी, संध्याकाळी न चुकता व्हायची. मी त्या घंटेला गोळी बांधली. घंटा झाली की शेजारची बाई कपाळाला, छातीला हात लावून क्रूस करायची आणि मी पाण्याचं भांडं घेऊन बाबांपुढे उभी राहायची. ती म्हणायची, तुझ्या सासऱ्याने एवढ्या वेळा प्रार्थना केली असती तर आतापर्यंत संत झाला असता.

आणि औषध लागू पडलं. पंधरा दिवसांत बाबा न थांबता विहिरीपर्यंत गेले. विसाव्या दिवशी वाडीत शिरले ते दुपार झाली तरी बाहेर येईनात. मी घाबरून बघायला गेले तर ते वेलींच्या दोन रांगांमध्ये उभे होते आणि एकेका वेलीशी बोलत होते, तुझं काय झालं, तू का अशी, असं. मी तिथूनच आनंदाने ओरडत घरी आले. पुढे मी विहिरीवर, बाजारात, दिसेल त्याला ही हकिगत सांगितली. माझ्यामुळे पुढच्या महिन्याची रांग दुप्पट झाली असेल.

पण मेणबत्ती काही विझेना.

दुसऱ्या महिन्यात डॉक्टरने ती पेटवली, बाबांनी आ केला, ज्योत वाकली, सरळ झाली. डॉक्टरच्या कपाळावर आठी आली. त्याने नळीने पुन्हा ऐकलं, पुन्हा मेणबत्ती धरली. छाती ऐकायला बरी वाटते, पण जोर नाही, असं म्हणत त्याने एका गोळीच्या दोन केल्या. तिसऱ्या महिन्यात दोनच्या तीन, आणि वर एक खारट, तोंड आंबून जाईल असं मिक्स्चर. मी घंटेबरहुकूम सगळं पोटात घालत होते. बाबांची झोप उडाली. छाती धडधडते म्हणायचे. लघवीला तासन् तास लागायचे, तेही एवढ्या संकोची माणसाला सुनेला सांगावं लागलं. आणि हात थरथरायला लागले.

एके दिवशी माझ्यादेखत त्यांच्या हातून वेलीचा शेंडा मोडला. कोवळा, तांबूस, बोटभर शेंडा. चाळीस वर्षांत असं झालं नसेल. ते त्याच्याकडे बघत उभे राहिले, मग तो बंडीच्या खिशात घातला आणि सोपटाची जुडी माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू बांध." मी बांधला आणि घट्ट बांधला. त्यांना ते दिसलं. मी मनाला समजावलं की औषध कडक आहे म्हणूनच लागू पडतंय. अर्धवट शिकलेल्या माणसाला असं समजावणं फार सोपं जातं.

चौथ्या महिन्यातही ज्योत सरळच राहिली, तेव्हा डॉक्टरने मेणबत्ती बाजूला ठेवली. मग म्हणाला, आता घरी ठेवून भागणार नाही. याहून जास्त गोळ्या हृदयाला झेपणार नाहीत. घाटावर कोरड्या हवेचं एक रुग्णालय आहे, तिथे सहा महिने ठेवू. पुढच्या वेळेपर्यंत बघतो, पण ज्योत विझली नाही तर चिठ्ठी देतो. "आणि आजोबा, वाडीचं दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. ती ओल तुम्हाला परत सोसायची नाही."

"बरं, सायेब," बाबा म्हणाले.

गाडीतून परतताना घर जवळ आल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, घाटावर पानवेल होते का. मला माहीत नव्हतं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मला मात्र रडू आलं नाही, मला राग आला. कुणाचा ते कळत नव्हतं, म्हणून मी तो मेणबत्तीवर काढायचं ठरवलं. एका महिन्यात माणूस पोहायला शिकतो, सायकल शिकतो, मग एक ज्योत विझवायला शिकणार नाही?

दुसऱ्याच दिवशी देवळाजवळच्या दुकानातून अर्धा डझन मेणबत्त्या आणल्या. दुकानदाराने विचारलं, कुणासाठी नवस? मी म्हटलं, तसंच समजा. दुपारी वारा पडलेला बघून ओट्यावर पाट मांडला, बाबांना बसवलं, मेणबत्ती पेटवून वीतभर अंतरावर धरली, अगदी डॉक्टरसारखी.

"ठेव ते," बाबा म्हणाले.

"बाबा, एकदाच. एका दमात."

"बाय, दिवा फुंकत नायत."

मला आधी वाटलं, दम लागतो म्हणून सबब सांगताहेत.

"मग डॉक्टरांसमोर काय करता?"

"त्येंच्यासमोर तोंड उघडतो," बाबा शांतपणे म्हणाले. "त्येंचा मान ऱ्हातो, दिव्याचा बी ऱ्हातो."

माझ्या हातावर मेण ओघळलं तरी मला कळलं नाही.

"आजारी मानसानं आपल्या समोरचा दिवा आपल्याच तोंडानं घालवायचा?" ते पुढे म्हणाले. "डाक्टर शिकलेला हाय, गुनी हाय, पन पोरवय हाय. त्येला कोनी सांगितलं नसंल. आपन चारचौघांत कशाला सांगा?"

मी आधी हसले. मग हसता हसता रडले, आणि मग भांडले. चार वेळा, बाबा, चारही वेळा तुम्ही नुसता आ करत होता? आणि मी तुम्हाला घंटेवर विष घातल्यासारख्या गोळ्या घालत होते? ते ओशाळले. मी धावत आत गेले. सासूबाई विड्याच्या पानांच्या जुड्या लावत बसल्या होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी पान खाली न ठेवता विचारलं, "त्यात काय? दिवा कोन फुंकतो? मना वाटलं तुला ठाऊक हाय."

ठाऊक होतंच. हीच खरी गंमत. माझ्या माहेरी आजोबा फुलाच्या देठाने वात दाबून दिवा शांत करायचे. मी लहानपणी एकदा फुंकला तर आईने तोंडावर चापट दिली होती. पण पांढऱ्या कोटाच्या हातातली मेणबत्ती मला दिवा वाटलीच नाही. मला ती औषधाची वस्तू वाटली. चार वेळा मी शेजारी उभी होते, आणि चारही वेळा मी ज्योतीकडे बघितलं, बाबांच्या तोंडाकडे एकदाही नाही.

मी परत ओट्यावर आले, मेणबत्ती चिमटीने विझवली, आणि रिकामा तळवा त्यांच्यासमोर धरला. "आता फुंका. इथे दिवा नाही."

त्यांनी फुंकलं. अगदी जोराने नाही, पण माझ्या तळव्याला वारा लागला. मी हात मागे नेला, आणखी मागे नेला. हातभर अंतरावरही लागला. मग मी तशीच वाडीत पळत गेले आणि वेलींच्या मधे उभी राहून काय काय बडबडले ते माझं मलाच आठवत नाही. माणूस वाचला होता. कधी एवढा आजारी नव्हताच.

आता प्रश्न होता तो डॉक्टरला सांगण्याचा. डॉक्टरचा पुढचा रविवार यायला चार आठवडे होते. मनाने गोळ्या कमी करायची माझी हिंमत झाली नाही. बाबांना डॉक्टरचा अपमान नको होता. सासूबाई म्हणाल्या, तूच वाचतेस ना चिठ्ठ्या, तर तूच बोल. चार आठवडे मी भाकरी थापताना, लुगडं धुताना तेच वाक्य घोकत होते, आणि रोज ते निराळंच व्हायचं.

रविवारी डॉक्टरने मेणबत्ती पेटवली तेव्हा मी पुढे झाले. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, हे विझवणार नाहीत. यांना येतं विझवता, पण आमच्यात दिवा तोंडाने फुंकत नाहीत."

दाराला नुसता पडदा होता, बाहेरच्या रांगेने कान टवकारले. डॉक्टरने बाबांकडे बघितलं. बाबा जमिनीकडे बघत होते. डॉक्टरने सवयीने मेणबत्ती स्वतःच्या तोंडाजवळ नेली, फुंकर मारायला गाल फुगवले, आणि तसाच थांबला. मग त्याने ज्योत बोटांच्या चिमटीत धरली आणि चांगलाच चटका खाल्ला.

"चार महिने," बोट चोखत तो म्हणाला. "चार महिने मी यांचा संस्कार मोजत होतो."

तो हसला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. पण लगेच तो गंभीर झाला. मोजायचं तर होतंच. नुसतं हवेत फुंकून त्याला पटेना, त्याला समोर काहीतरी हललेलं बघायचं होतं. "मग तुमच्यात माणूस फुंकतो तरी काय?" त्याने विचारलं.

उत्तर भिंतीशी बसलेल्या सासूबाईंनी दिलं. "चूल फुंकतो की. पेटवायला फुंकलं तर चालतं. विझवायला नाय."

डॉक्टरने टेबलावर हात आपटला. पलीकडच्या खोलीत कंपाउंडर सुया उकळायला कोळशाची शेगडी ठेवायचा. ती आली. तिच्यावर राखेत झाकलेले निखारे होते. फुंकणीही आली, लोखंडी, हातभर लांब. पडदा आता नावालाच उरला होता, कारण ती कोळीण आणि तिच्यामागे आणखी पाच-सहा जणं डोकी आत घालून उभी होती. डॉक्टरने कुणाला हाकललं नाही.

बाबांनी फुंकणी हातात घेतली आणि ती कोणत्या बाजूने धरायची यावर घोटाळले. सगळा जन्म गेला पण चुलीपुढे कधी बसलेले नव्हते. ओठ नीट न लावताच फुंकलं, तर वारा कडेने निसटला आणि राख त्यांच्याच मिशीवर बसली. कोळीण म्हणाली, "आजोबा, ती सनई नाय." सगळे हसले, डॉक्टरही.

"द्या हिकडं," सासूबाई पुढे झाल्या. "बाप्यांच्या हातात दिलं तर असंच व्हनार." त्या शेगडीपुढे उकिडव्या बसल्या, फुंकणी तोंडाला लावली आणि फुंकलं. निखारे जरासे गुलाबी झाले आणि पुन्हा करडे पडले. त्यांनी परत फुंकलं. पुन्हा तेवढंच. तिसऱ्यांदा मधेच खोकल्या आणि पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "कोळसा वला हाय कंपाउंडरचा." कंपाउंडरला राग आला. मी तर उतावीळ झाले होते. मी म्हटलं, "असू दे, बाबांना द्या, आता कळलं त्यांना."

बाबांनी ओठ घट्ट लावले, डोळे मिटले आणि फुंकलं.

निखारे लालभडक झाले. एक ठिणगी तडतडून उडाली आणि डॉक्टरच्या पांढऱ्या विजारीवर पडली. तो मागे सरला, पण म्हणाला, परत करा. बाबांनी परत केलं. शेगडी अशी पेटली की तिच्यावर भात शिजला असता. पडद्यातली माणसं टाळ्या वाजवायला लागली. मी त्या कोळणीचा हात धरून उड्या मारल्या, माझं मोठ्या घरच्या सुनेचं सोंग तिथेच गळून पडलं. डॉक्टर भराभर लिहीत होता आणि लिहिता लिहिता बोलत होता. घाटावर जायचं नाही. गोळ्या उतरवायच्या, परत एकेकच. हात थरथरायचे थांबतील. वाडी करा, पण पहाटेच्या दवात जाऊ नका, ऊन वर आल्यावर जा. बाबांनी दोन्ही हात जोडले. त्यांच्या मिशीवर अजून राख होती आणि ते हसत होते. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी पानवेलींच्या वाडीतसुद्धा कधी पाहिला नव्हता.

डॉक्टर लिहायचा थांबला. तो शेगडीकडे बघत होता. निखारे अजून फुललेले होते.

"कोळसा तर कोरडा आहे," तो म्हणाला. मग सासूबाईंकडे वळला. "आजी, तुम्ही जरा इथे बसा."

"मी?" सासूबाई म्हणाल्या. "मना काय झालंय? मी तर ह्यांच्या संगती आले."

त्याने ऐकलं नाही. लोकांना बाहेर घालवलं, पडदा नीट लावला आणि सासूबाईंच्या पाठीला नळी लावली. मी त्यांचा पदर सावरून धरला होता. तो एका जागी ऐके, नळी बोटभर खाली सरकवे, परत ऐके. बाबांनाही त्याने इतका वेळ ऐकलं नव्हतं. शेवटी त्याने नळी कानातून काढली आणि विचारलं, किती दिवस झाले?

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग दुसरीकडे. "ही घरात आली त्येच्या आधीपासनं. मंग हिच्या हाती चूल दिली, तवापासनं जरा बरं हाय. धुरात वाकायला लागत नाय."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"एका घरात दम्याची मानसं किती असायची, सायेब?" त्या म्हणाल्या. "एक होता की."

बाबांनी मिशीवरची राख पुसली आणि हात तसाच तोंडावर ठेवला.

डॉक्टरने त्यांच्या नावाचा नवा कागद केला. त्यांची छाती बाबांपेक्षा वाईट होती, पुष्कळच वाईट. तीस-पस्तीस वर्षांचा धूर आहे, त्याने मला हळू आवाजात सांगितलं. औषधाने आराम पडेल, गेलेलं परत येणार नाही. तो आणखीही काही सांगत होता आणि मी मान हलवत होते, पण मला दुसरंच दिसत होतं.

लग्नानंतर वर्षभराने एका सकाळी सासूबाईंनी घरातली फुंकणी माझ्या हातात दिली होती आणि म्हटलं होतं, आजपासून चूल तुझी. मी हरखून गेले होते. आमच्याकडे सासवा मरेपर्यंत चूल सोडत नाहीत. मी त्यांच्या पाया पडले. चांदीपला गेले तेव्हा माहेरच्या सगळ्या बायकांना सांगितलं की माझ्या सासूने मला वर्षात मान दिला, आणि त्यांची तोंडं बघून पोट भरून घेतलं. त्या पहिल्या दिवशी मी माझ्या चुलीवर शिरा केला होता. सासूबाईंनी एक घास खाल्ला, मग भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून बसल्या, बराच वेळ. मी शेजारी गुडघ्यावर बसले आणि विचारलं, "आई, गोड कमी झालंय का?"